पेठांच्या गल्लीबोळांत जीपीएस घड्याळ कसं वापरायचं

मनगटावरच्या सव्वा इंची पडद्यावर नकाशा वाचत चालता येत नाही. तरी नवं घड्याळ घेतलेला माणूस पहिल्या दिवशी नेमकं हेच करतो. दर दहा पावलांवर हात वर, बोटाने नकाशा सरकव, तेवढ्यात मागून स्कूटरचा हॉर्न. घड्याळाकडून दोनच कामं घ्यायची. वळण जवळ आलं की मनगट थरथरावं, आणि नजर टाकली की पुढची खूण किती मीटरवर आहे ते दिसावं. रस्ता ठरवणं, गल्ल्या तपासणं, खुणांना नावं देणं ही कामं घरी, मोठ्या पडद्यावर उरकायची.

उदाहरणाला पुण्याच्या पेठा घेऊ. शनिवारवाड्यापासून निघून लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तांबडी जोगेश्वरी, अप्पा बळवंत चौक, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि शेवटी मंडई. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. पण इथे जीपीएसची जी परीक्षा होते ती सिंहगडाच्या वाटेवरही होत नाही. डोंगरावर डोक्यावर अख्खं आकाश असतं. बोळात असते आकाशाची एक चिंधी.

घड्याळाला स्वतःचं जीपीएस आहे का?

खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलेल्या कितीतरी स्वस्त घड्याळांत जीपीएसची चिप नसते. ती फोनचं जीपीएस उसनं घेतात. खात्री करायला फोनचं ब्लूटूथ बंद करा, मोकळ्या मैदानात जा, घड्याळावर चालण्याचा व्यायाम सुरू करा आणि चारशे-पाचशे मीटर फिरून या. घरी आल्यावर ॲपमध्ये तुमच्या वाटेची रेघ नकाशावर दिसली तर चिप आहे. नुसती पावलं आणि अंतर दिसलं, रेघ नाही, तर नाही. अशा घड्याळावर फोनमधल्या गूगल मॅप्सच्या सूचना येऊ शकतात आणि तेवढ्यावरही काम भागतं, पण फोन खिशात आणि चार्ज असला पाहिजे.

चिप असलेल्यांत दोन जाती. गार्मिन फोररनर 255, इन्स्टिंक्ट 2, कोरोस पेस 3 यांच्यावर नकाशा नसतो. काळ्या पडद्यावर तुम्ही आखलेली एक रेघ आणि तुम्ही म्हणजे एक बाण, बस. फोररनर 965 किंवा फेनिक्स 7 सारख्यांत रस्त्यांचा नकाशा असतो. पेठांत पायी फिरायला रेघवालं घड्याळ पुरतं. फक्त ती रेघ नीट आखलेली हवी. ॲपल वॉच आणि वेअर ओएसची घड्याळं वळण-वळण सांगतात. ॲपल वॉच डाव्या आणि उजव्या वळणाला वेगवेगळी थाप देतं. ती थाप ओळखायची सवय घराभोवतीच्या ओळखीच्या रस्त्यांवर आधी करून घ्या.

रेघ आखणे

गूगल मॅप्समधून जीपीएक्स, म्हणजे घड्याळाला वाचता येणारी वाटेची फाइल, निघत नाही, त्यामुळे तिथे रस्ता आखून घड्याळात टाकायचा विचार सोडून द्या. गार्मिन असेल तर कनेक्ट ॲपमध्ये ‘कोर्सेस’ शोधा, नवा कोर्स, प्रकार ‘वॉकिंग’. दुसरं काही असेल तर बीराउटर किंवा ऑसमअँडमध्ये आखून जीपीएक्स काढा आणि घड्याळाच्या ॲपमध्ये आयात करा.

प्रकार वॉकिंगच हवा. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही बऱ्याच भागात वाहनांसाठी एकदिशा आहेत. चुकून मोटारीचा प्रकार निवडला तर दोनशे मीटर मागे असलेल्या दुकानाला जायला ॲप तुम्हाला अख्ख्या चौकांची प्रदक्षिणा घडवेल, आणि तुम्ही ती फूटपाथवरून निमूटपणे घालाल.

आता मुख्य काम. ॲपने आखलेली रेघ जवळ घेऊन, म्हणजे झूम करून, शेवटपर्यंत पाहायची. तीन गोष्टी खटकल्या पाहिजेत. एक, रेघ एखाद्या बंद बोळात शिरून परत फिरलीय का? रेघ आखताना टाकलेला एखादा बिंदू चौकाऐवजी बोळाच्या आत दहा मीटर पडला की असं होतं. तो बिंदू चौकात ओढून आणा. दोन, रेघ विनाकारण लांबून जाते का? तसं असेल तर मधला बोळ ॲपच्या नकाशात नाही. बहुतेक ॲप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर चालतात आणि वाड्यांखालून आरपार जाणारे पुष्कळ बोळ तिथे अजून आलेले नाहीत. बोळ आहे हे नक्की माहीत असेल तेव्हाच फ्रीहँडने रेघ तिथून ओढा. तीन, रेघ नदी ओलांडते का, आणि कुठून?

हा तिसरा मुद्दा पुण्यात चांगलाच अंगाशी येतो. डेक्कनहून नारायण पेठेत यायला ॲपला भिडे पूल आवडतो, कारण तो जवळचा. पण तो नदीपात्रातला बुटका पूल आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो आणि बंद होतो. हे ना घड्याळाला कळतं ना ॲपला. जुलै-ऑगस्टमध्ये रेघ सरळ लकडी पुलावरून घ्या. गणपतीच्या दहा दिवसांतही आखलेल्या गल्लीत मांडव उभा असू शकतो. त्या दिवसांत बोळ टाळून मोठ्या रस्त्यांची दुसरी रेघ तयार ठेवावी.

खुणा कुठे ठेवायच्या, नावं काय द्यायची

नुसती रेघ घड्याळात गेली तर ती थरथरत नाही, तिला वळणांच्या खुणा लागतात. काही ॲप त्या आपोआप घालतात, पण पेठांत त्यांचा पाऊसच पडतो. रस्ता जरा वाकला की ‘डावीकडे’. अडीच किलोमीटरला 12 ते 15 खुणा पुरे. खरोखर चुकू शकेल अशा ठिकाणीच खूण, बाकीच्या पुसून टाका.

खूण चौकाच्या मध्यावर ठेवू नका, 15 ते 20 मीटर अलीकडे ठेवा. ताशी 5 किलोमीटर वेगाने माणूस सेकंदाला 1.4 मीटर जातो. गर्दीत याच्या निम्म्याने. घड्याळाची जागा एक-दोन सेकंद मागे असते, त्यात बोळातली चूक मिळवा. खूण बरोबर चौकात असेल तर थरथर होईपर्यंत तुम्ही दोन दुकानं पुढे गेलेले असता. वीस मीटर अलीकडे म्हणजे सुमारे पंधरा सेकंद हातात. मान वर करून पाटी वाचायला तेवढे लागतात.

नाव आखूड आणि रोमन लिपीत द्या. पुष्कळ घड्याळांवर देवनागरी उमटत नाही, नुसते चौकोन दिसतात. दहा अक्षरांच्या आत नाव बसवा आणि दिशेचं अक्षर आधी ठेवा: डावीकडे असेल तर ‘एल’, उजवीकडे असेल तर ‘आर’, मग जागेचं नाव. जागा निवडताना चार माणसांना विचारता येईल अशी निवडा. पेठांत त्यांची उणीव नाही: सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर. दुकानाची पाटी बदलते, मारुती हलत नाही.

जीपीएक्स आयात करताना रेघ येते आणि खुणा गळतात, हे सर्रास घडतं. म्हणून कोर्स घड्याळात गेल्यावर तो तिथे उघडून पहिल्या खुणेचं नाव दिसतं का ते घरीच बघा. शनिवारवाड्यासमोर उभं राहून बघण्यात अर्थ नाही.

थरथर एकाच कारणाची हवी

हा भाग लोक सोडून देतात आणि मग म्हणतात घड्याळ उपयोगाचं नाही. चालायला लागल्यावर मनगटावर किती कारणांनी थरथर होते ते मोजा: व्हॉट्सॲप, फोन, दर किलोमीटरचा लॅप, हृदयगती वाढल्याचा इशारा, वाट सोडल्याचा इशारा आणि ऑटो पॉज. त्यात वळणाची एक थरथर कशी ओळखणार? निघण्यापूर्वी एवढं बंद करा:

– व्यायामाच्या वेळच्या फोन-सूचना. गार्मिनवर ‘स्मार्ट नोटिफिकेशन्स’मध्ये ‘ड्युरिंग ॲक्टिव्हिटी’ बंद. सरसकट ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावू नका. काही घड्याळांवर त्याने वळणाची सूचनाही गप्प होते.
– ऑटो लॅप आणि हृदयगतीचे इशारे.
– ऑटो पॉज. तुळशीबागेतल्या चालीला घड्याळ ‘थांबलेला माणूस’ समजतं, दर मिनिटाला थांबतं, सुरू होतं आणि प्रत्येक वेळी थरथरतं.
– वाट सोडल्याचा इशारा. मोकळ्या रस्त्यावर तो चांगला, बोळात नाही. तुम्ही बरोबर गल्लीत असता आणि घड्याळाला वाटतं शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर आहात.
– ज्या घड्याळात असेल त्यात रस्ता आपोआप बदलण्याची सोय, म्हणजे रीरूटिंग. ती चालू राहिली तर एका चुकीच्या बाणावरून घड्याळ तुमची नीट आखलेली रेघ टाकून भलतीच काढतं.

पडद्याची मांडणी साधी: एक पान नकाशाचं किंवा रेघेचं, झूम हाताने 50 मीटरच्या आसपास ठेवलेलं, ऑटो झूम बंद. दुसऱ्या पानावर दोनच रकाने, पुढच्या खुणेचं नाव आणि तिचं अंतर. चालताना हे दुसरं पान समोर ठेवायचं. अंतर उतरत गेलं पाहिजे. उतरता उतरता थांबलं आणि चढायला लागलं तर वळण मागे राहिलं. एवढं कळायला नकाशा लागत नाही.

उपग्रह पकडण्याची घाई नको

जीपीएसचा उपग्रह आपली माहिती सेकंदाला 50 बिट अशा कूर्मगतीने पाठवतो. त्याच्या नेमक्या कक्षेचा भाग ऐकायला 30 सेकंद लागतात, सगळ्या उपग्रहांचं पंचांग ऐकायला साडेबारा मिनिटं. घड्याळ हे पाच-दहा सेकंदांत उरकतं, कारण पुढच्या काही दिवसांच्या कक्षांची फाइल त्याने फोनवरून आधीच उतरवलेली असते. ती फाइल शिळी होते. महिनाभर न वापरलेलं घड्याळ थेट बाहेर नेलं तर ते ‘शोधत आहे’ म्हणत बसतं. म्हणून आदल्या रात्री ॲप उघडून एकदा सिंक करायचं.

सुरुवात मोकळ्या जागेत करा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरचं पटांगण त्यासाठी उत्तम. व्यायाम निवडा, स्टार्ट दाबू नका, हिरवी खूण आल्यावरही मिनिटभर उभे राहा. पहिल्या पकडीत चारच उपग्रह असू शकतात. मिनिटभरात बरेच येतात आणि जागा स्थिरावते. मग कोर्स निवडून ‘डू कोर्स’. मेट्रोने येत असाल तर कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानकं जमिनीखाली आहेत. फलाटावर किंवा सरकत्या जिन्यावर स्टार्ट दाबलंत तर घड्याळ शेवटच्या ओळखीच्या ठिकाणापासून एक सरळ रेघ मारून तुम्हाला बाहेर काढेल. आधी बाहेर या, रस्त्यावर उभे राहा, मग पुढचं.

उपग्रहांच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या प्रणाली आणि मल्टीबँड’ (म्हणजे निरनिराळ्या देशांचे उपग्रह, आणि एकाऐवजी दोन वारंवारितांवर ऐकणं) असेल तर तेच निवडा. बॅटरी जास्त जाते, पण दोन तासांच्या फिरण्याला त्याची फिकीर कशाला? ‘अल्ट्राट्रॅक’सारखे बॅटरी वाचवणारे पर्याय मात्र शहरात कटाक्षाने बंद.

बोळात घड्याळ खोटं का बोलतं

मोकळ्या आकाशाखाली सुमारे 5 मीटरची चूक धरायची. घड्याळ उपग्रहापासून संकेत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं, आणि प्रकाशाच्या वेगाने 10 नॅनोसेकंदाचा उशीर म्हणजे 3 मीटर. बोळात दोन्ही बाजूंना तीन-चार मजली भिंती. उपग्रहाचा संकेत थेट न येता समोरच्या भिंतीवर आपटून येतो, वाट लांबते, उशीर होतो, आणि बाण पंधरा-वीस मीटर बाजूला सरकतो. बोळ चार मीटर रुंद, शेजारचा समांतर बोळ तीस-चाळीस मीटरवर. म्हणजे तुम्ही कोणत्या बोळात आहात हे अशा वेळी घड्याळ छातीठोकपणे सांगू शकत नाही. मल्टीबँडमध्ये मिळणाऱ्या एल5 या दुसऱ्या वारंवारितेवरच्या संकेताची घडण नेहमीच्या, जुन्या एल1 पेक्षा दहापट बारीक असते, त्यामुळे थेट आलेला आणि आपटून आलेला संकेत वेगळा करणं सोपं जातं. चूक कमी होते, जात नाही.

चूक आडवी असते हे लक्षात ठेवलं तर तिच्यावर मात करता येते. बोळाच्या लांबीच्या दिशेला आकाश उघडं असतं, रुंदीच्या दिशेला भिंती. म्हणून ‘किती पुढे आलो’ हे घड्याळ बऱ्यापैकी बरोबर सांगतं, ‘डावीकडे का उजवीकडे’ हे चुकवतं. दगडूशेठकडून जोगेश्वरीकडे जाताना बाण रेघेपासून बाजूला इमारतींवर गेलेला दिसेल. त्याकडे दुर्लक्ष करा, दुसऱ्या पानावरचं अंतर बघा: 60, 45, 30. ते नीट उतरतंय तर तुम्ही बरोबर आहात. शंका आली तर पावलं मोजा. मध्यम उंचीच्या माणसाची 100 मीटरला 130 ते 140 पावलं होतात. बाजीराव रस्त्यावर बाहेर पडलात की आकाश मोकळं होतं आणि बाण आठ-दहा सेकंदांत रेघेवर येऊन बसतो. तिथे तेवढं थांबून मगच पुढच्या वळणाचा विचार करायचा.

विश्रामबागवाड्यासमोरून तुळशीबागेत शिरताना मात्र घड्याळावर विसंबू नका. अरुंद वाटा, वर ताडपत्र्या आणि पत्रे, आणि खेटून चालणारी माणसं. ताडपत्री संकेताला अडवत नाही, पत्रा अडवतो, आणि माणसाचं शरीरही, कारण ते बहुतांशी पाणी. आत शिरण्याआधी एकच गोष्ट ठरवा, ती म्हणजे बाहेर कोणत्या रस्त्याला पडायचं. मंडईला जायचं असेल तर राममंदिर विचारत जा, तिथून मंडई विचारा. आत बाण काय करतो ते पाहूच नका.

उभ्या उभ्या दिशा पाहताना

चौकात थांबून घड्याळ पाहिलं की बाण भलतीकडे तोंड करून असतो. कारण जीपीएसला तुमची जागा कळते, तोंड कुठे ते कळत नाही. दिशा चालण्यावरून काढतात. थांबलात की घड्याळ आतल्या होकायंत्रावर जातं, आणि ते लोखंडाला भुलतं: दुकानाचं शटर, ओळीने लावलेल्या स्कूटरी, घड्याळाच्या पट्ट्याची चुंबकी कडी, हातातल्या फोनच्या कव्हरचं चुंबक. उपाय दोन. सरळ दहा-पंधरा पावलं चाला आणि मग बाण पाहा. किंवा गाड्यांपासून चार-पाच मीटर दूर होऊन मनगट इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा, होकायंत्र पुन्हा जुळतं. दुसरा उपाय शनिवारवाड्यासमोरच करून निघालात तर बरं.

‘जागा जतन करा आणि तिकडे जा’ ही सोय गाडी कुठे लावली ते शोधायला छान आहे, रस्ता काढायला नाही. ती सरळ रेषेतलं अंतर दाखवते. नदीपलीकडची गाडी 200 मीटर दिसेल, आणि पूल असेल अर्ध्या किलोमीटरवर. जागा हाताने आकड्यांत भरत असाल तर दशांशानंतर पाच आकडे द्या. पाचवा आकडा पुण्याच्या अक्षांशावर सुमारे एक मीटरचा असतो. तीनच आकडे दिलेत तर शंभर मीटरची फेकाफेक.

पावसात टच बंद करून बटणांवर चालवा. काचेवरच्या थेंबांना घड्याळ बोट समजतं आणि पान बदलतं, कधी व्यायामही थांबवतं. टच लॉक करण्याचा शॉर्टकट आधीच बटणावर लावून ठेवा. बाही वर सरकवण्याची गरज नाही, कापड संकेताला अडवत नाही. छत्रीही नाही.

परत आल्यावर

चाललेल्या वाटेची नोंद उचलून तिचाच पुढच्या वेळचा कोर्स करू नका. तिच्यात बोळातल्या सगळ्या आडव्या चुका आहेत, आणि पुढच्या वेळी त्या चुकांशी तुमच्या नव्या चुकांची तुलना होत बसेल. नोंद बाजूला ठेवून मूळ रेघ दुरुस्त करा: उशिरा थरथरलेली खूण आणखी दहा मीटर अलीकडे, निरुपयोगी ठरलेली खूण पुसून. एखादा आरपार बोळ नकाशात नव्हता आणि तुम्ही तो पायी पार केला असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून पायवाट म्हणून तो घाला. वाड्याखालून जात असेल तर तेवढ्या तुकड्याला ‘बिल्डिंग पॅसेज’ची खूण. गूगलच्या नकाशावरून पाहून काढू नका, ते चालत नाही. स्वतः पाहिलेलंच घाला. सार्वजनिक बोळ आणि कुणाच्या वाड्याची खासगी वाट यांतला फरक पाळा, नाहीतर उद्या त्यांच्या अंगणातून अनोळखी माणसं घड्याळ बघत जातील.

आणि मंडईत पोचल्यावर रिक्षात बसण्याआधी स्टॉप दाबा. नाहीतर स्वारगेटपर्यंतची रिक्षा तुमच्या चालण्यात जमा होते, आणि घड्याळ ताशी तीस किलोमीटरच्या विक्रमाबद्दल तुमचं अभिनंदन करतं.